कोकणच्या हवेत टिकणारा कळफलक

पनवेल-रोहा लोहमार्गावर नागोठणे सोडले की रोह्याच्या आधी निडी हे छोटे स्थानक लागते. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत या पट्ट्यातील हवेतला ओलावा भिंतींना, कागदांना आणि कपाटातल्या कपड्यांना जसा सोडत नाही, तसाच तो संगणकालाही सोडत नाही. रायगड जिल्ह्यात वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. धरमतरची खाडी आणि अंबा, कुंडलिका या नद्यांच्या मुखातून येणारी खारी हवा तर बारमाही असते. पेण असो वा रोहा, या भागातील पतसंस्था, ग्रामपंचायत, सेवा केंद्र किंवा दस्त टंकून देणाऱ्याची टपरी, सर्वत्र संगणकाचा जो भाग सर्वांत आधी कुरकुरू लागतो तो म्हणजे कळफलक, अर्थात कीबोर्ड.

कळफलक बिघडला तर नवा आणावा, हा सोपा उपाय झाला. दोन-चारशे रुपयांत रबरी पडद्याचा कळफलक मिळतोही. परंतु ज्याचे पोट टंकलेखनावर आहे किंवा ज्याने टंकलेल्या अंकावर दुसऱ्याचा व्यवहार उभा आहे, त्याच्यासाठी प्रश्न इतका सोपा नाही. झिजलेली कळ नेहमी बंदच पडते असे नाही. पुष्कळदा ती एकदा दाबली असता दोनदा उमटते. एखाद्या दस्तात गट क्रमांक ११२ ऐवजी १११२ उमटला आणि तपासणाऱ्याच्या नजरेतून तो निसटला, तर दुरुस्तीसाठी पक्षकाराला किती खेटे घालावे लागतात, हे जमिनीचे व्यवहार केलेल्या कोणालाही सांगण्याची गरज नाही. म्हणूनच यांत्रिक कळफलक घेऊन तो अधिक बळकट करून वापरणे हा अनेकांना परवडणारा मार्ग वाटतो.

यांत्रिक म्हणजे काय?

बाजारात सर्रास मिळणाऱ्या कळफलकात कळांच्या खाली रबराच्या घुमट्यांचा एक अखंड पडदा असतो. कळ दाबली की घुमटी दबते, तिच्याखालचे दोन प्लास्टिकचे पापुद्रे एकमेकांना टेकतात आणि विद्युतमंडल पूर्ण होते. यांत्रिक कळफलकात प्रत्येक कळीला स्वतःचा स्वतंत्र खटका, म्हणजे स्विच असतो. त्यात धातूची स्प्रिंग, सरकणारा दांडा आणि धातूचे दोन संपर्कबिंदू असतात. सर्वाधिक परिचित असा चेरी एमएक्स स्विच १९८० च्या दशकाच्या मध्यावर बाजारात आला. त्यातील निळ्या दांड्याचा प्रकार दाबताना स्पष्ट ‘टक्’ असा आवाज करतो. त्याची कळ एकूण चार मिलिमीटर खाली जाते, मात्र अक्षर उमटण्यास दोन मिलिमीटरच्या किंचित पुढे जाणे पुरेसे असते. भारतात हा स्विच सर्वसामान्य कार्यालयांपर्यंत पोहोचला तो प्रामुख्याने चेन्नईच्या टीव्हीएस इलेक्ट्रॉनिक्सच्या ‘गोल्ड’ या कळफलकामुळे. काउंटरपलीकडून ऐकू येणारा त्याचा खणखणीत टकटकाट ज्यांच्या कानांत बसला आहे, अशांची संख्या कमी नाही.

या स्विचचे आयुष्य पाच कोटी दाब असे सांगितले जात असे. ही संख्या किती मोठी आहे, याचा अंदाज साध्या गुणाकाराने येतो. मिनिटाला ४० शब्दांचा वेग असलेला टंकलेखक शब्दामागे पाच दाब धरले तर मिनिटाला २००, तासाला १२ हजार दाब देतो. रोज सहा तास आणि वर्षाचे ३०० दिवस असे अखंड काम त्याने केले, तर वर्षाला २ कोटी १६ लाख दाब होतात. परंतु हे दाब सर्व कळांमध्ये वाटले जातात. त्यातील दहावा हिस्सा एकाच कळीवर पडला असे मानले तरी त्या कळीचे पाच कोटी दाब पूर्ण होण्यास सुमारे २३ वर्षे लागतील. शब्दांमधील मोकळी जागा देणारी लांब कळ, म्हणजे स्पेसबार, पाचवा हिस्सा खाते. तिलाही ११ वर्षे मिळतात. रबरी पडद्याचे आयुष्य साधारणतः ५० लाख ते १ कोटी दाब मानले जाते. म्हणजे त्याच कामात त्याचा स्पेसबार वर्ष-दोन वर्षांत थकतो.

या हिशेबाचा अर्थ लक्षात घेण्याजोगा आहे. दररोज सहा तास बडवला जाणारा यांत्रिक कळफलकही स्विच झिजल्यामुळे सहसा मरत नाही. तो मरतो केबल तुटल्याने, सोल्डरिंगचा सांधा सुटल्याने, कवचाचा पेच बसण्याची जागा फुटल्याने, लांब कळीखालची तार निखळल्याने आणि कोकणात ओलावा व मुंग्या यांमुळे. बळकटी द्यायची ती या जागांना. केवळ वजन वाढवून कळफलक मजबूत होतो, हा हौशी मंडळींमध्ये रूढ असलेला समज आहे. आत शिशाच्या पट्ट्या चिकटवल्याने तो टेबलावरून सरकत नाही, हे खरे. पण खाली पडला तर तेच वजन त्याला अधिक जोरात आपटते.

टंकयंत्राचा वारसा

कळफलक टिकाऊ असावा, ही अपेक्षा मराठी माणसाला टंकयंत्राने लावली. मुंबईच्या गोदरेज अँड बॉईस कंपनीने १९५५ मध्ये भारतीय बनावटीचे टंकयंत्र बाजारात आणले. पुढे कंपनीच्या सातारा जिल्ह्यातील शिरवळ येथील कारखान्यात ही यंत्रे तयार होत असत. ‘प्राइमा’ हे तिचे गाजलेले मॉडेल होते. २००९ मध्ये हे उत्पादन थांबले आणि एप्रिल २०११ मध्ये ‘जगातील शेवटचा टंकयंत्र कारखाना बंद’ अशी बातमी जगभर गेली. (ती पूर्णतः खरी नव्हती, विजेवर चालणारी टंकयंत्रे त्यानंतरही अन्यत्र बनत होती.) महाराष्ट्रात टंकयंत्रावरील शासकीय परीक्षांची अखेरची फेरी ऑगस्ट २०१७ मध्ये झाली आणि परीक्षा पूर्णपणे संगणकावर गेली.

टंकयंत्र वर्षानुवर्षे टिकत असे ते केवळ जाड लोखंडामुळे नव्हे. त्याचा प्रत्येक भाग सुटा होता, पेचाने बसवलेला होता आणि प्रत्येक तालुक्याच्या गावी तो उघडणारा कारागीर होता. वर्षातून एकदा यंत्र उघडायचे, रॉकेलने धुवायचे, शिलाई यंत्राचे तेल मोजके सोडायचे आणि वाकलेला अक्षरदांडा पक्कडीने सरळ करायचा, हा नेम असे. मराठी टंकयंत्रावर तर आणखी एक अडचण होती. वेलांटी, मात्रा, अनुस्वार यांच्या कळा दाबल्यावर गाडी पुढे सरकता कामा नये, म्हणून त्या कळांची यंत्रणा निराळी असे आणि त्यांचे समायोजन बिघडले की अक्षरावरची मात्रा शेजारच्या अक्षरावर जाऊन बसे. कारागीर ते तासाभरात जुळवून देई. उघडता येणे आणि भाग बदलता येणे हा बळकटीचा पहिला गुण असल्याचे या यंत्रांवरून दिसते. आजच्या कळफलकात बदल करतानाही हीच कसोटी लावावी. जो उपाय पुन्हा उलटा करता येत नाही, उदाहरणार्थ सर्व सांधे गोंदाने भरून टाकणे, तो टाळलेला बरा.

बोल्टची करामत

यांत्रिक कळफलकाला बळकटी देण्याचा जगातील सर्वांत प्रसिद्ध प्रयोग आयबीएमच्या ‘मॉडेल एम’ या कळफलकावर केला जातो. १९८० च्या दशकाच्या मध्यावर आलेल्या या कळफलकात प्रत्येक कळीखाली एक स्प्रिंग असते. ती ठरावीक दाबानंतर एकदम वाकते आणि तळाशी असलेली छोटी पट्टी झुकवते. ही कल्पना रिचर्ड हॅरिस या अभियंत्याची. हा कळफलक दणकट म्हणून इतका नावाजला गेला की, १९९६ पासून युनिकॉम्प ही अमेरिकी कंपनी त्याच धाटणीचे कळफलक बनवत आली आहे.

गंमत अशी की, या दणकट कळफलकाचा एक सांधा अत्यंत कच्चा आहे. त्याची स्प्रिंगा धरणारी प्लास्टिकची चौकट आणि तळाचा पोलादी पत्रा हे दोन भाग एकत्र ठेवतात ते प्लास्टिकचेच पन्नासहून अधिक छोटे खिळे, म्हणजे रिव्हेट. चौकटीतून निघालेले हे कोंब पत्र्याच्या भोकांतून बाहेर काढून त्यांची डोकी कारखान्यात वितळवून चपटी केलेली असतात. वीस-तीस वर्षांनी प्लास्टिक ठिसूळ होते, डोकी एकेक करून तुटतात, पत्रा सैल होतो आणि दाबाचा तो कुरकुरीत स्पर्श जाऊन कळा लिबलिबीत लागू लागतात. हलवला असता आत तुटलेल्या डोक्यांचा खुळखुळा वाजतो.

यावरचा उपाय निगुतीचा आहे. सर्व कळा काढून, कवच उघडून, उरलेल्या रिव्हेटांची डोकी धारदार पटाशीने खरवडून काढतात. पत्रा आणि आतील पापुद्रे बाजूला करून प्रत्येक कोंबाच्या जागी दीड मिलिमीटरचे भोक पाडतात. मग त्यातून दोन मिलिमीटर व्यासाचे, सुमारे आठ मिलिमीटर लांबीचे बोल्ट कळांच्या बाजूने घालून पत्र्याच्या बाजूला नट आवळतात. हे काम करताना दोन पथ्ये पाळावी लागतात. ड्रिल यंत्र फार वेगाने फिरवले तर प्लास्टिक वितळून भोक वाकडे होते, हातड्रिल उत्तम. दुसरे म्हणजे पत्रा किंचित वक्र असल्यामुळे नट मध्यापासून कडांकडे, थोडे थोडे करून आवळावे. पहिल्याच फेरीत पूर्ण आवळले तर चौकटीला तडा जातो. एका संध्याकाळचे हे काम नव्हे. पण ते एकदा झाले की तो सांधा पुन्हा सुटत नाही, आणि सुटलाच तर नट आवळता येतो.

भारतात मॉडेल एम फारसे आढळत नाहीत. परकीय भागभांडवलाविषयीच्या कायद्यातील अटी अमान्य करून आयबीएमने १९७८ मध्ये भारतातून काढता पाय घेतला आणि टाटा समूहाबरोबरच्या भागीदारीतून ती १९९२ मध्ये परतली. मॉडेल एमच्या भरभराटीची बहुतांश वर्षे नेमकी याच मधल्या काळातली. येथील कार्यालयांत रुजली ती चेरी पद्धतीच्या स्विचची परंपरा. तिचे कच्चे दुवे वेगळे आहेत.

आधारपट्टीचा प्रश्न

चेरी पद्धतीचे स्विच दोन रीतींनी बसवले जातात. एका रीतीत स्विच थेट सर्किट बोर्डवर बसतो आणि त्याला सोल्डरिंगचाच आधार असतो. चेरीचा स्वतःचा जी८०-३००० हा कळफलक या घडणीचा आहे. दुसऱ्या रीतीत सर्किट बोर्डच्या वर धातूची एक आधारपट्टी असते. तिच्यातील चौकोनी खिडक्यांत स्विच खटकन अडकतात आणि मग त्यांचे पाय खालच्या बोर्डवर सोल्डर होतात. आधारपट्टी नसेल तर प्रत्येक दाबाबरोबर सर्किट बोर्ड किंचित लवतो. मधोमध ही लवचीकता जास्त असते. वर्षानुवर्षांच्या लवण्याने सोल्डरिंगच्या सांध्याला केसासारखी बारीक भेग पडते आणि कळ कधी उमटते, कधी उमटत नाही. आपल्या कळफलकात पट्टी आहे की नाही, हे कळण्यासाठी एखादी कळ वर ओढून काढावी. खाली स्विचभोवती धातू दिसला तर पट्टी आहे. हिरवा किंवा काळा बोर्ड दिसला तर नाही.

पट्टी नसलेल्या कळफलकाला पट्टी बसवता येते, परंतु ते कौशल्याचे काम आहे. १०४ कळांच्या कळफलकात प्रत्येक स्विचचे दोन याप्रमाणे २०८ सांधे आधी वितळवून मोकळे करावे लागतात. एकाही ठिकाणी घाई होऊन बोर्डवरचा तांब्याचा ठिपका उखडला तर पुढे वायरचा जोड द्यावा लागतो. पट्टी लेसरने कापून घ्यावी लागते. भोसरी, तळोजा, वसई अशा औद्योगिक वसाहतींत पत्रा कापून देणाऱ्यांना संगणकीय आरेखन दिले की हे काम होते. मापे ठरलेली आहेत. दोन कळांच्या मध्यांतील अंतर १९.०५ मिलिमीटर, खिडकी १४ मिलिमीटर चौरस आणि पत्र्याची जाडी दीड मिलिमीटर. ही जाडी मनाने वाढवता येत नाही, कारण स्विचच्या कडेची खुंटी दीड मिलिमीटरच्या पत्र्यालाच पकडते. दोन मिलिमीटरचा पत्रा घेतला तर स्विच नुसता ठेवलेला राहतो आणि कळ ओढताच तोही हातात येतो. अधिक ताठरपणा हवा असल्यास पट्टीच्या पुढच्या व मागच्या कडा काटकोनात खाली दुमडून घेणे हा खरा उपाय. डब्याच्या झाकणाला काठ असतो म्हणून ते वाकत नाही, तेच तत्त्व येथे लागू पडते. अर्थात दुमडलेला काठ मावण्याइतकी जागा कवचात आहे का, हे आधी मोजावे.

कोकणासाठी धातूची निवड विशेष महत्त्वाची. साधे पोलाद स्वस्त, पण त्याला एका पावसाळ्यात गंज धरतो. त्यावर पावडर कोटिंग केले तर प्रत्येक पृष्ठभागावर ६० ते ८० मायक्रॉनचा थर चढतो, खिडकी तेवढी आक्रसते आणि पत्रा तेवढा जाड होतो. त्यामुळे पत्रा कापतानाच खिडकी किंचित मोठी ठेवावी लागते, हे बहुतेकांच्या स्विच बसेनासे झाल्यावर लक्षात येते. ३०४ दर्जाचे स्टेनलेस स्टील हा मध्यम मार्ग. अगदी समुद्रकाठी, अलिबाग-मुरूडच्या बाजूस, ३१६ दर्जा अधिक टिकेल. अॅल्युमिनियम हलके आणि न गंजणारे असले तरी त्यात स्टेनलेसचे पेच बसवले आणि खारी दमट हवा लागली की दोन धातूंच्या सांध्याशी पांढरी भुकटी जमू लागते. मधे नायलॉनचे वॉशर घालावेत.

ज्यांना हा व्याप नको, त्यांनी निदान सांधे ताजे करावेत. २५ वॅटची सोल्डरिंग इस्त्री, थोडा फ्लक्स आणि नवा डाख घेऊन बोर्डच्या मागील बाजूचे, विशेषतः मधल्या भागातील, सर्व सांधे पुन्हा एकदा वितळू द्यावेत. प्रत्येकी दोन-तीन सेकंद पुरे. याच वेळी बोर्डच्या मधोमध, तळाच्या कवचावर रबराचे दोन-तीन ठोकळे असे चिकटवावेत की बोर्ड त्यांवर अलगद टेकेल. पट्टीच्या खर्चाच्या दहाव्या हिश्श्यात लवचीकतेचा मोठा भाग यामुळे नाहीसा होतो. सामान्य वापरणाऱ्यासाठी हाच उपाय अधिक शहाणपणाचा म्हणावा लागेल.

अलीकडे स्विच न सोल्डरता नुसते खोचता येतील अशा सॉकेटचे कळफलक विपुल आले आहेत. स्विच बदलणे सोपे झाले, हा त्यांचा मोठा लाभ. मात्र ते सॉकेट बोर्डला दोनच ठिपक्यांनी चिकटलेले असते. नवा स्विच वरून रेटताना खालून बोटाचा आधार दिला नाही, तर सॉकेटच उखडून येते.

केबल, तार आणि कवच

सर्वांत दुर्लक्षित आणि सर्वांत आधी तुटणारा भाग म्हणजे केबल. कळफलक टेबलावर पुढे-मागे होतो, केबल कवचाच्या तोंडाशी वाकत राहते आणि आतली एखादी तार तुटते. जुन्या इलेक्ट्रिशियनची युक्ती येथे कामी येते. केबल आत शिरल्यावर तिला एक सैल गाठ मारून किंवा नायलॉनचा टाय आवळून असे अडकवावे की बाहेरून कितीही ओढले तरी ताण बोर्डवरच्या जोडणीपर्यंत पोहोचू नये. तोंडाशी रबरी नळीचा तुकडाही घालावा. काही जण कवचाला सॉकेट बसवून केबल पूर्ण सुटी करतात. ते करायचे तर सॉकेट बोर्डला नव्हे, कवचाला पेचाने घट्ट बसलेले असावे.

स्पेसबार, एंटर, शिफ्ट या लांब कळांखाली एक वाकवलेली तार असते. कळ कोपऱ्यावर दाबली तरी ती सपाट खाली जावी, हे तिचे काम. तार ज्या प्लास्टिकच्या खुंट्यांत बसते त्या झिजल्या की कळ खडखडते आणि अडकते. तार काढून आरशाच्या काचेवर ठेवावी. दोन्ही टोके टेकली नाहीत तर पक्कडीने सरळ करावी. मग तिच्या टोकांना सिलिकॉनचे ग्रीस कणभर लावून बसवावी. घरात हाताशी असते म्हणून खोबरेल तेल लावण्याचा मोह होतो. ते थंडीत थिजते, पुढे चिकट होते आणि मुंग्यांना आमंत्रण देते. गंज सोडवणारा फवारा स्विचमध्ये मारणे हेही तितकेच घातक. तो तेलकट थर मागे ठेवतो, त्यावर धूळ बसते आणि पहिल्यापेक्षा दुसरा रोग मोठा होतो. स्विच स्वच्छ करायचा तर आयसोप्रोपिल अल्कोहोलचे दोन थेंब पुरतात.

कवचाचे पेच ज्या प्लास्टिकच्या नळ्यांत बसतात त्या वारंवार उघडल्याने फुटतात. फुटलेली नळी इपॉक्सीने भरून, वाळल्यावर तीत पितळेची आटे असलेली पुंगळी गरम इस्त्रीने बसवली की यंत्राचा पेच घट्ट बसतो आणि कवच शंभरदा उघडले तरी काही होत नाही. मागचे घडीचे पाय तुटले असतील तर ते चिकटवत बसण्यापेक्षा रबराची पाचर बसवणे चांगले. कळांच्या टोप्यांबाबतही एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. एबीएस या प्लास्टिकच्या टोप्या वर्षभरात बोटांखाली तुळतुळीत होतात. पीबीटी या प्लास्टिकच्या टोप्या कठीण असतात आणि त्यांवरील अक्षर रंग आत मुरवून छापले असेल तर ते जात नाही. (नागोठण्याच्या प्रचंड पेट्रोकेमिकल संकुलामुळे या परिसराची प्लास्टिकशी जुनी ओळख आहे. मात्र तेथील पॉलिथिलीन व पॉलिप्रॉपिलीन पिशव्या, बादल्यांच्या कामाचे; टोप्यांना ते चालत नाही.)

मराठी कोठे झिजवते?

देवनागरीसाठी इनस्क्रिप्ट ही मांडणी भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ मध्ये ठरवली आणि १९९१ मध्ये भारतीय मानक ब्युरोच्या मानकात ती समाविष्ट झाली. तिच्यात स्वर व त्यांची चिन्हे डाव्या हाताला आणि बहुतेक व्यंजने उजव्या हाताला आहेत. इंग्रजी ‘ई’च्या कळीवर काना, ‘एस’च्या कळीवर मात्रा, ‘डी’च्या कळीवर हलन्त, ‘जे’वर र, ‘के’वर क, ‘एल’वर त आणि ‘व्ही’वर न येतो. प्रत्येक जोडाक्षरासाठी हलन्ताची कळ दाबावी लागते. साहजिकच इंग्रजीत मध्यम वापराची असलेली ‘डी’ची कळ मराठी टंकणाऱ्याकडे सर्वाधिक मार खाणाऱ्या कळांत जाऊन बसते, आणि ‘व्ही’सारखी इंग्रजीत क्वचित लागणारी कळ येथे अखंड राबते. रेमिंग्टन मांडणीने टंकणाऱ्यांची झीज आणखी निराळ्या कळांवर पडते.

याचा उपयोग दुरुस्तीत करून घेता येतो. ‘स्क्रोल लॉक’, ‘पॉज’ किंवा उजवीकडची ‘विंडोज’ कळ वर्षानुवर्षे कोणी दाबत नाही. त्यांचे स्विच नव्यासारखे असतात. काना किंवा हलन्ताची कळ दोनदा उमटू लागली की तिचा स्विच काढून ‘स्क्रोल लॉक’चा स्विच तेथे बसवावा आणि झिजलेला त्याच्या जागी ठेवावा. चार सांध्यांचे सोल्डरिंग आणि शून्य खर्च. मात्र त्याआधी दोष झिजेचा आहे की धुळीचा, हे पाहावे. अल्कोहोलचे थेंब टाकून ती कळ पन्नास-साठ वेळा दाबली की धुळीचा दोष सहसा जातो. चेरी स्विचचे संपर्कबिंदू सोन्याच्या मिश्रधातूचे असल्याने ते गंजत नाहीत, मधे कचरा अडकतो. झिजेचा दोष असेल तर तो दोन दिवसांत परत येतो.

पावसाळ्यातील बिघाडांमध्ये सर्किट बोर्डची गंज ही एक स्वतंत्र बाब आहे. सोल्डरिंगनंतर उरलेला फ्लक्स ओलावा शोषतो आणि तांब्यावर हिरवा थर चढवतो. म्हणून सर्व बदल झाल्यावर बोर्डची मागील बाजू अल्कोहोल व ब्रशने धुऊन पूर्ण वाळवावी आणि तिच्यावर अॅक्रिलिकचा संरक्षक लेप फवारावा. इलेक्ट्रॉनिक सुटे भाग मिळणाऱ्या दुकानांत, उदाहरणार्थ मुंबईत लॅमिंग्टन रोडवर, तो डब्यात मिळतो. लेप देताना केबलचे सॉकेट कागदी चिकटपट्टीने झाकावे आणि वरच्या बाजूला, स्विचकडे, फवारा मुळीच जाऊ देऊ नये. नायट्राइलचे हातमोजे घालून आणि खिडक्या उघड्या ठेवून हे काम करावे. मुंग्यांना कवचाची ऊब आवडते. त्यांच्यासाठी केबलचे तोंड व घडीच्या पायांच्या फटी फोमने बुजवाव्यात. कार्यालय बंद होताना कळफलकावर प्लास्टिकचे आच्छादन घालण्याची पद्धत आहे, पण ते हवाबंद असेल तर ओलावा आतच कोंडतो. सुती फडके बरे. कळफलक उघडल्यास कंपनीची हमी संपुष्टात येऊ शकते, त्यामुळे हमीचा काळ संपेपर्यंत केबल, टोप्या आणि स्वच्छता यांपलीकडे जाऊ नये.

सर्व जोडून झाल्यावर कवचाचे पेच लावण्यापूर्वी चाचणी घ्यावी. साध्या मजकुराच्या खिडकीत प्रत्येक कळ वीस वेळा, कधी सावकाश तर कधी झपाट्याने दाबावी आणि उमटलेली अक्षरे मोजावीत. वीसऐवजी एकवीस भरली तर त्या कळीचा सांधा किंवा स्विच पुन्हा पाहावा. अंकांच्या कळांची ही मोजणी दोनदा करावी.